अलिबागचे राखून ठेवलेले मत

मनोहर,

आता फोन उचलला की पलीकडून ‘हॅलो’ ऐकू येते. सभ्य माणसे फोनवर असेच बोलतात, हे मी तुला वर्षानुवर्षे सांगत आलो. तू ऐकले नाहीस. तुझा फोन एकाच आरोळीने सुरू व्हायचा, ‘‘अलाबामा, चोवीस मतं!’’ आणि मी म्हणायचो, ‘‘बोल.’’

हे छापले जाणार आहे, म्हणून तुला ठाऊक असलेलेच तुला पुन्हा सांगावे लागेल. तुझी हरकत नसावी. तीच गोष्ट दहा वेळा सांगणे तुला कधी जड गेले नाही.

गोष्ट अशी. एकोणीसशे चोवीस सालच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला तिथल्या एका पक्षाचे अधिवेशन भरले. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचा होता. पद्धत सोपी. राज्यांची नावे वर्णक्रमाने पुकारायची, प्रत्येक राज्याच्या प्रतिनिधीने उठून आपली मते जाहीर करायची, कोणालाच पुरेशी मते पडली नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. त्या वर्षी शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. यादीत अलाबामा पहिले. त्यांचा प्रतिनिधी प्रत्येक फेरीला उठे आणि आपल्याच राज्याच्या माणसाला चोवीस मते देई. तो माणूस निवडला जाणार नाही हे साऱ्या सभागृहाला दिसत होते. तरी देई. रेडिओ तेव्हा नुकताच घरांत आला होता. लोक घरी बसून ती आरोळी प्रतिनिधीच्या आधी मारू लागले. अखेर सगळे थकले, भलत्याच माणसावर तडजोड झाली, आणि तो नोव्हेंबरात सपशेल पडला.

ही गोष्ट तू मला प्रथम ओमानमध्ये, सलालाहला सांगितलीस. मी रस्त्याच्या मोजणीवर होतो आणि तू तिथल्या भारतीय शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत होतास. खरीफचे, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचे दिवस होते. डोंगर धुक्यात बुडाले होते आणि तुझ्या शॉर्टवेव्ह रेडिओवर तिकडच्या एका अधिवेशनाचा आवाज येई, जाई. नारळाच्या टपरीपुढे गाडी उभी करून तू तो रेडिओ टपावर ठेवला होतास. मी विचारले, माणसाने दुसऱ्याच्या देशातल्या निवडणुकीत एवढा जीव का घालावा. तू शहाळ्यातून मान वर न काढता उत्तर दिलेस.

‘‘आपल्या देशात मत द्यायचं वय व्हायच्या आत मी निघून आलो. या देशात देता येत नाही. मग तिसऱ्याचं नुसतं बघितलं तर कोणाचं काय जातं?’’

मग माझे गाव विचारलेस. मी अलिबाग म्हटले. तुला एवढा आनंद कशाचा झाला ते मला लगेच कळले नाही. ‘‘आपली यादी केली तर तूही पहिलाच,’’ म्हणालास. त्या दिवसापासून मी अलाबामा झालो. मला विचारले गेले नाही.

मस्कतला आल्यावर तू वादी अदाईत राहिलास आणि मी सीबला. अंतर फार नव्हते, पण तू ते फोननेच भरून काढलेस. चार वर्षांतून एकदा तुझ्या अंगात यायचे. निकालात तुला रस नसे. ‘‘निवडून कोण आला हे पेपर सांगेल. त्याचं नाव पहिल्यांदा कोणी घेतलं, ते बघ.’’ शिकागोच्या हॉटेलातल्या एका खोलीत सिगारच्या धुरात मूठभर पुढाऱ्यांनी उमेदवार ठरवला, ते तू तिथे हजर असल्यासारखे सांगायचास. एक जण दुसऱ्याचे नाव सुचवणारे भाषण करायला आला आणि लोकांनी त्यालाच उभे केले. तो उठून हरकत घेऊ लागला, तर अध्यक्षाने त्याला खाली बसवले. निवडून आला आणि काही महिन्यांत गोळी लागून गेला. ‘‘म्हणून सांगतो, दुसऱ्याचं कौतुक बेताने करावं,’’ हे तुझे तात्पर्य. ते मी पाळले. तुझ्याही बाबतीत.

आपला खरा वाद एकच होता, आणि तो ग्वामवरून होता.

ग्वाम हे पॅसिफिकमधले बेट. मालकी अमेरिकेची, पण ते राज्य नाही. उमेदवार ठरवायच्या अधिवेशनात त्याचे प्रतिनिधी बसतात, पुकारा झाला की उठतात, ‘जिथे अमेरिकेचा दिवस सुरू होतो ते ग्वाम’ अशी ऐट मिरवून मते जाहीर करतात. नोव्हेंबरात मात्र राष्ट्राध्यक्ष निवडण्यात त्यांच्या मताला काहीच स्थान नाही. नाव सुचवायचे, निवडायचे नाही. हे कळल्या दिवशी तू सीबला स्वतः आलास, फोनवर भागले नाही.

‘‘आपण ग्वाम आहोत,’’ म्हणालास.

मी म्हटले, पंगतीतल्या वाढप्यासारखे झाले. ताट सगळ्यांचे, त्याचे नाही.

‘‘पण पंगतीत असतो तर खरा.’’

‘‘उपाशी.’’

‘‘खडूस आहेस.’’

तो वाद त्या दिवशी संपला नाही. नंतरही संपला नाही. आता तो माझ्या एकट्याकडे आहे. एकट्याने वाद चालवता येत नाही. मी प्रयत्न केला.

यंदाच्या वर्षी तुझी बताका संपणार होती. इथे राहण्याचे ते ओळखपत्र नोकरीवर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. निवृत्तीनंतर एका शिकवणी वर्गाने तुला ठेवून घेतले होते, त्यांनी आता वयाचे कारण सांगितले. डिसेंबरात गाशा गुंडाळायचा होता. वहिनी इथे गेल्या, इथेच त्यांचे दहन झाले. मुलगा निखिल न्यू जर्सीत. गुहागरला तुझे म्हणण्यासारखे एक पोफळीचे झाड उरलेले नव्हते. एवढे झाल्यावर माणूस सामान आवरतो. तू निवडणुकीला उभा राहिलास.

आपल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष कसा ठरायचा, ते इथे सर्वांना ठाऊक आहे. अल खुवैरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये मुंबई-पुण्याची चार कुटुंबे जमायची, पोहे व्हायचे आणि गणपतीत नाव जाहीर व्हायचे. गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरांत, साइटवर काम करणारी कोकणातली माणसे आरतीला यायची, मांडव घालायची, मूर्ती उचलायची. नाव त्यांना टाळ्या वाजवताना कळायचे. तू वार्षिक सभेत उठून म्हणालास की शिकागोत निदान सिगारचा धूर होता, आपल्याकडे पोह्यांच्या वाफेत अध्यक्ष होतो. समितीतली माणसे हसली. मग तू सूचना मांडलीस. तालुक्यांचा पुकारा करावा. जितकी माणसे हजर, तितकी मते. प्रत्येक तालुक्याने उठावे, अमेरिकेतल्या राज्यांसारखे आधी आपल्या मातीचे दोन शब्द बोलावेत आणि मग मते जाहीर करावीत.

समितीने मान्य केले. कामगारांच्या कॅम्पातली माणसे शुक्रवारच्या सुटीची झोप सोडून येणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. माझाही होता. फरक एवढाच, की माणसे आली तर काय होईल याचीही मला कल्पना होती, आणि ती मी तुला दिली. निवड हातात आली की माणूस पोटाकडे बघून निवडतो, असे मी म्हटले.

‘‘बघू दे. पोट त्याचंच आहे.’’

‘‘मग तुला कोण देईल?’’

‘‘एकदा पुकारा तर होऊ दे. उभ्या जन्मात माझं नाव कोणी मोजलेलं नाही, मीही कोणाचं मोजलेलं नाही. जायच्या आधी एवढं एक मला हवं आहे.’’

तुला काय हवे आहे, हे तू इतक्या सरळ मला पूर्वी कधी सांगितले नव्हतेस. मी विषय बदलला नाही. चहा संपवला.

तू प्रचारही केलास. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नव्हता, तर तुला त्यातही इतिहास सापडला. अमेरिकेत म्हणे एक उमेदवार घराच्या ओसरीवर बसून राहिला आणि लोक आगगाडीने त्याला ऐकायला गेले. वादी अदाईच्या तुझ्या इमारतीत ओसरी कुठली? तू मजल्यावरच्या मोकळ्या जागेत खुर्च्या टाकल्यास. एसीच्या यंत्रांची गरम हवा अंगावर, खाली रुवीकडे जाणारी वाहने. तिथे शुक्रवारी दुपारी माणसे येऊ लागली. सर्वांत आधी सदा आला. गुहागरचाच, गॅरेजमध्ये डेंटिंग करणारा. तू त्याला आपल्या तालुक्याचा बोलणारा नेमलेस आणि काय बोलायचे ते पाठ करून घेतलेस. तो लाजत असे, पण घोकत असे. बाकीचे त्याला ‘प्रतिनिधी, चहा घ्या’ म्हणून चिडवत.

मला मात्र तू वेगळी भूमिका दिलीस.

पुकाऱ्यात एक जुनी रीत आहे. राज्याला लगेच मते द्यायची नसतील तर ‘पास’ म्हणता येते. यादी संपली की त्याचा पुन्हा पुकारा होतो. उमेदवाराच्या जवळच्या राज्याला विजयाचे शेवटचे मत देण्याचा मान मिळावा, म्हणून कधीकधी हे मुद्दाम जुळवतात. तू हिशेब मांडलास. गुहागर, चिपळूण, दापोली, खेड धरून आकडा काठावर येत होता.

‘‘अलिबाग पास करील. शेवटी तुझा पुकारा होईल तेव्हा मला एकच मत कमी असेल. ते तू देशील.’’

मी म्हटले, अलिबागचा मी एकटा आहे. एका मतासाठी एवढा खटाटोप?

‘‘एका मतानेच तर खटाटोप होतो.’’

मग मातीचे दोन शब्द. मी नुसते ‘अलिबाग, एक मत’ म्हणेन, असे सांगितले. तू ऐकेनास. वाक्य तूच रचलेस: समुद्राकाठचा, ओहोटीला पायी जाता येणाऱ्या किल्ल्याचा, पांढऱ्या कांद्याचा अलिबाग तालुका. मी किल्ल्यापर्यंत मान्य केले. कांद्याला हरकत घेतली. माझ्या वयाच्या माणसाने भरसभेत कांद्याचे नाव घेणे मला शोभत नाही, असे म्हटले.

‘‘ग्वामचा माणूस सूर्याचं नाव घेतो. तुला कांद्याचं जमत नाही?’’

‘‘कांदा वगळ.’’

‘‘कांदा राहील. त्याशिवाय तुझ्याकडे गोड असं आहेच काय?’’

यावर आपण आठवडाभर फोनवर भांडलो. इतर काही विषय असल्याचे मला आठवत नाही.

त्या शुक्रवारी रुवीतल्या उपाहारगृहाच्या माडीवरचा हॉल भरला. कंपन्यांच्या बसमधून माणसे उतरत होती. इस्त्रीचे शर्ट, ओले विंचरलेले केस. समितीची कुटुंबे पहिल्या रांगेत अवघडून बसली होती. समोर दुसरा उमेदवार होता. त्यांना सगळे शेठ म्हणतात, मीही तेच म्हणतो. बांधकामाचे ठेकेदार, मंडळाच्या जेवणावळीचा भार उचलणारे. शेठनी प्रचार केला नव्हता. आदल्या महिन्यात त्यांनी कॅम्पांतून एवढाच निरोप फिरवला होता, की नवीन काम मिळाले आहे, माणसे लागतील, कोणाचा भाऊ-पुतण्या असेल तर नावे द्यावीत.

चिटणीसबाईंनी यादी हातात घेतली. ‘‘अलिबाग.’’

मी उभा राहिलो. ‘‘अलिबाग पास.’’

मागून कोणीतरी म्हणाले, ‘‘ते खरंच अलिबागहून आलेत की काय?’’ सगळा हॉल हसला. तू सर्वांत जास्त हसलास. मी बसलो.

खेडची मते फुटली. थोडी तुला, बरीच शेठना. तू बोटांवर काहीतरी मोजलेस. मग गुहागर. सदा उठला. हातात टोपी होती, ती त्याने पिळली होती. तुझ्याकडे त्याने पाहिले नाही. शब्द सगळे बरोबर म्हटले, तू शिकवलेले, एकही न चुकता. सुपारीच्या बागांचा, सुरूच्या बनांचा, लांब किनाऱ्याचा गुहागर तालुका आपली सगळी मते. इथे तो थांबला. चिटणीसबाईंनी त्याला पुढे बोलायची खूण केली.

‘‘शेठना देतो,’’ तो म्हणाला.

मी तुझ्याकडे पाहिले. तू मान हलवलीस, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवायचास तशी.

पुढचे तालुके यांत्रिकपणे गेले. चिपळूण, दापोली, देवगड. पुण्या-मुंबईची मते समितीच्या नाखुशीने का होईना पण तुला पडली. ती माणसे थोडी होती. राजापूरला शेठांचे बहुमत झाले. सावंतवाडीने टाळ्यांतच मते दिली. चिटणीसबाईंनी नियमाप्रमाणे यादी उलटवली आणि पुन्हा पुकारले, ‘‘अलिबाग.’’

मी उभा राहिलो. मला कांद्यासकट म्हणायचे होते. तसे मी ठरवले होते, पण तोपर्यंत तू गुडघ्यांवर हात रोवून उठला होतास.

‘‘चिटणीसबाई, माझी एक सूचना आहे. शेठांची निवड एकमताने झाली, अशी नोंद व्हावी.’’

ही रीत मला तूच सांगितली होतीस. हरलेल्याने आपणहून म्हणायचे, की निवड सर्वांची धरा. मग उरलेली मते मोजायची गरज राहत नाही.

बाईंनी विचारले, अनुमोदन कोणाचे? तू वळून माझ्याकडे पाहिलेस.

‘‘उभाच आहेस. दे.’’

‘‘अनुमोदन,’’ मी म्हणालो.

त्या सभेत ‘पास’नंतर माझ्या तोंडून निघालेला तो एकच शब्द. शेठांच्या निवडीला अनुमोदन. तू मागितलेस म्हणून दिले.

खाली उतरताना सदा जिन्यात उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. ‘‘मास्तर, धाकट्याचं नाव दिलंय वो त्यांच्याकडे. आई रोज फोन करते. मी काय करनार होतो?’’ तू त्याच्या खांद्याचा आधार घेऊन एकेक पायरी उतरलास. भावाचे शिक्षण किती, लग्न झाले का, असे विचारत राहिलास. शेवटी म्हणालास, ‘‘शब्द छान म्हटलेस. सुरूचं बन विसरशील असं वाटलं होतं.’’ सदा तिथेच राहिला. आपण गाडीत बसलो.

गाडीत मी बोललो. तुझ्याच माणसाने, तुझ्याच शब्दांत तुला पाडले, असे म्हटले. आधीच सांगितले होते, हेही म्हटले. तू खिडकीतून मत्रहचे दिवे पाहात होतास. ‘‘स्वतःचं राज्य हरलेले उमेदवार इतिहासात आहेत,’’ म्हणालास. ‘‘आणि तो चुकला नाही. शेठकडे व्हिसा आहे. माझ्याकडे काय होतं? पुकारा.’’

‘‘मग सगळं कशासाठी केलंस?’’

वादी अदाई आली तेव्हा म्हणालास, ‘‘तुझं मत राहिलं ना?’’

मी म्हटले, त्याला आता अर्थ नाही.

‘‘नाही,’’ तू म्हणालास, आणि दार उघडलेस. हे उत्तर होते की हरकत, ते मी विचारले नाही.

ऑगस्टमध्ये तुझ्या पाठीचे दुखणे पाठीचे नाही, हे उघड झाले. निखिलशी डॉक्टर फोनवर बोलले, आणि त्याने मला सांगितले. ‘‘काका, तुम्ही सांगाल का? मला मराठीत... आय मीन, मला कसंही जमणार नाही.’’ तो इथल्याच शाळेत वाढला. तुझ्याशी तो मराठीत बोले, पण मराठीत वाईट बातमी देण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. मी हो म्हटले.

दवाखान्यात तुझ्या पलंगासमोरच्या टीव्हीवर तिकडच्या प्रचाराच्या बातम्या चालू होत्या. आवाज बंद. मी खुर्ची ओढली. वाक्ये तयार करून आणली होती. तू माझ्या तोंडाकडे पाहिलेस आणि म्हणालास, ‘‘समिती आली वाटतं.’’

पूर्वी तिथे उमेदवार अधिवेशनाला जात नसे. त्याची निवड झाली की काही आठवड्यांनी एक समिती रीतसर त्याच्या घरी जाई आणि त्याला कळवी. तोवर ते साऱ्या देशाला ठाऊक झालेले असे. तरीही उमेदवाराने नवल वाटल्याचे दाखवायचे, अशी प्रथा होती.

‘‘वाच,’’ तू म्हणालास. ‘‘मी नवल करतो.’’

मी सांगितले. जे डॉक्टरांनी सांगितले, ते सर्व. तू भुवया उंचावल्यास. ‘‘मला? एवढा मान? मी तर आपला अंगणात गवत कापत होतो.’’

मी हसलो नाही. तू माझ्या हातावर हात ठेवलास, तो मी काढून घेतला नाही. आपल्या दोघांच्या मानाने ते पुष्कळ झाले. नंतर तू टीव्हीचा आवाज मोठा करायला सांगितलास.

त्यानंतर सदा दर शुक्रवारी यायचा. तू त्याच्याकडे भावाची चौकशी करायचास. तो ‘इन्शाल्ला’ म्हणायचा. प्रत्येक शुक्रवारी तो शब्द थोडा हळू होत गेला.

तू ऑक्टोबरात गेलास. तुझी बताका अजून चालू आहे. ती तुझ्यापेक्षा टिकाऊ निघाली.

निखिल आला. बाबांची इच्छा काय होती, गावी न्यायचे की काय, असे त्याने मला विचारले. मी म्हटले, इथेच. जिथे वहिनींचे झाले तिथे. या देशाने तुझे मत कधी मागितले नाही, पण राख ठेवून घेतली. स्मशानातून परतताना काहीतरी बोलायचे म्हणून मी निखिलला विचारले, मतदानाच्या दिवसापर्यंत तू परत पोचशील ना. तो तिकडचा नागरिक आहे. ज्या निवडणुकीकडे तू रेडिओला कान लावून बघत राहिलास, त्यात त्याला खरे मत आहे.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘‘काका, मी रजिस्टर केलंच नव्हतं. कधीच नाही. बाबांना वाटायचं मी देतो. ते विचारायचे, तेव्हा मी हो म्हणायचो.’’

हे मी तुला आता सांगत आहे, कारण आता तुझे काही बिघडत नाही. तू म्हणाला असतास, पोराने आपले मन राखले. मी तसे म्हणणार नाही.

मंडळाने शोकसभा घेतली. त्याच माडीवर. शेठ अध्यक्षस्थानी होते. ते तुझ्याबद्दल चांगले बोलले, मनापासून बोलले, मला त्यांच्याबद्दल तक्रार करता येत नाही. दुखवट्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मग त्यांनी मंडळाच्या कामाचे दोन शब्द सांगितले. पुकाऱ्याच्या प्रकारात फार वेळ जातो, तालुक्या-तालुक्यांत उगाच वाकडेपणा येतो. पुढल्या वर्षीपासून पूर्वीप्रमाणे समितीच नाव सुचवील. ‘‘मास्तरांची हौस होती, आपण ती पुरवली. आता खलास.’’ कोणी हरकत घेतली नाही. ज्यांनी त्या शुक्रवारी ओले केस विंचरून आपल्या मातीची नावे मोठ्याने घेतली होती, त्यांनीही माना हलवल्या. मग पोहे आले.

सदा पोहे न घेता माझ्याजवळ आला. शेठांचे नवीन काम थांबले आहे. नावे दिली त्यांपैकी कोणाचाच व्हिसा आलेला नाही. ‘‘पुढच्या वर्षी बघू म्हनतात,’’ तो म्हणाला. मग विचारू लागला, ‘‘मास्तरांना ठाऊक होतं काय वो हे?’’

मी म्हटले, नव्हते. ते खरे आहे की नाही, मला माहीत नाही. ठाऊक असते तरी तू त्याच्या खांद्यावर हात ठेवूनच जिना उतरला असतास.

तर आपला वाद इथवर आला. माणसांना निवड मिळाली, त्यांनी पोटाकडे पाहिले, पोटालाही काही मिळाले नाही, आणि निवडही गेली. मी म्हणत होतो ते अक्षरशः खरे ठरले. ते घेऊन मी सीबच्या समुद्रावर रोज संध्याकाळी फेरी मारतो. खरे ठरलेल्या गोष्टीचे काय करायचे असते, ते तू सांगितले नाहीस. तुझ्यावर कधी तशी वेळ आली नव्हती.

परवा तिकडचा निकाल लागला. तू असतास तर पहाटेच फोन केला असतास. मी टीव्ही लावला, थोडा वेळ पाहिला, बंद केला. कोण आले ते सांगत नाही. तुला त्यात रस नव्हता.

माझीही बताका पुढल्या वर्षी संपते. माझ्यासाठी कोणी वर्ग उघडून ठेवलेला नाही. अलिबागला माझे घर आहे, त्यात माणूस नाही. तिथल्या मतदारयादीत नाव घाल, असा तुझा आग्रह होता. अर्ज केला, तर मिळेलही. कोणाचे नाव घ्यायचे, हा प्रश्न उरतो.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. नियमाप्रमाणे पास केलेल्याचा पुन्हा पुकारा होतो. त्या शुक्रवारी तो झाला होता. चिटणीसबाईंनी नाव घेतले होते, मी उठलोही होतो. तू मध्ये बोललास. तेव्हा ‘एकमताने’ ही मंडळाची नोंद चुकीची आहे. एक मत दिले गेलेच नव्हते. ते मोजले जाणार नाही. मोजायला मंडळ नाही, पुकारा नाही, आणि उमेदवार नाही. तुझ्या त्या अलाबामाच्या माणसालाही हे ठाऊक असे, आणि तो उठे. तो का उठे, ते मला आजही पटलेले नाही.

चिटणीसबाई, समुद्राकाठचा, ओहोटीला पायी जाता येणाऱ्या किल्ल्याचा, पांढऱ्या कांद्याचा अलिबाग तालुका आपले एकुलते एक मत मनोहरला देतो.

कांदा ठेवला आहे.